मावांगद्वेईची कबर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चीनमधली 'झोपलेली राणी', दोन हजार वर्षं न कुजलेली बाई, असे मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर अधूनमधून फिरतात आणि दर वेळी तेच प्रश्न येतात. त्यांची उत्तरं एकदाच इथे लिहून ठेवली आहेत. पहिली दुरुस्ती लगेच करतो: ती राणी नव्हती.

कबर नेमकी कोणाची आणि कुठे?

चीनच्या हुनान प्रांतात चांगशा हे शहर आहे. त्याच्या पूर्वेकडच्या भागात मावांगद्वेई नावाचं ठिकाण आहे. तिथे पश्चिम हान राजवटीच्या काळातल्या, म्हणजे इ.स.पू. दुसऱ्या शतकातल्या, एकाच सरदार घराण्याच्या तीन कबरी आहेत. ली त्सांग हा चांगशाच्या मांडलिक राज्याचा प्रधान होता. इ.स.पू. १९३ मध्ये त्याला दाई नावाच्या ठिकाणची जहागीर मिळाली. सुरुवातीला ती अवघ्या सातशे घरांची होती. इ.स.पू. १८६ मध्ये तो वारला. त्याची बायको शिन झुई, आणि मेसेजमधली बाई ती हीच. तिसरी कबर त्यांच्या मुलाची.

('दाई' हे गावाचं नाव आहे. 'दाईची बाई' वाचून सुईण समजू नका, असा गोंधळ झालेला मी पाहिला आहे.)

मग 'मावांगद्वेई' म्हणजे काय?

'मा राजाचा ढिगारा'. दहाव्या शतकात या भागावर मा यिन नावाच्या राजाची सत्ता होती. दोन टेकाडं दिसतात तर ती त्याच्याच घराण्याची असणार, असं लोकांनी धरून टाकलं. दोन्ही टेकाडं एकमेकांना चिकटलेली असल्यामुळे ती लांबून घोड्याच्या खोगिरासारखी दिसायची (चिनीत 'मा' म्हणजे घोडाही), म्हणून नाव तसं पडलं, असंही सांगतात. खणल्यावर कळलं की आतली माणसं मा राजाच्याही हजार-अकराशे वर्षं आधीची आहेत. आपल्याकडे जुनं काहीही दिसलं की ते पांडवांनी बांधलं म्हणतात, त्यातलाच हा प्रकार.

सापडली कशी?

१९७१ च्या अखेरीला त्या टेकाडाखाली एका लष्करी रुग्णालयासाठी भुयारं खोदायचं काम चालू होतं. माती सारखी ढासळत होती. पहार खोल घातली तेव्हा भोकातून वायू फुसफुसत बाहेर आला आणि काडी लावताच निळ्या ज्योतीने पेटला. चांगशाच्या जुन्या जाणत्यांना याचा अर्थ माहीत होता. अशा कबरींना तिकडे 'आगीचं भोक' म्हणायचे. वायू साठून राहिला आहे म्हणजे कबर अजून हवाबंद आहे, कुणी फोडलेली नाही.

जानेवारी १९७२ मध्ये खोदाई सुरू झाली आणि एप्रिलअखेर पेटी उघडली. हा सांस्कृतिक क्रांतीचा काळ होता, जुन्या गोष्टी मोडायची लाट होती. त्या दिवसांत हे इतक्या निगुतीने खणलं गेलं, याचं मला अजूनही नवल वाटतं. दुसरी आणि तिसरी कबर १९७३-७४ मध्ये खणली.

खजिना खजिना म्हणतात. सोनं किती निघालं?

सोनं निघालं नाही. शिन झुईच्या कबरीत धातूच्या वस्तू जवळजवळ नाहीतच.

इथे बरेच वाचक नाराज होतात, पण खरी गंमत इथूनच सुरू होते. त्या वेळी गादीवर सम्राट वेन होता. त्याने स्वतःच्या समाधीसाठी फक्त मातीची भांडी वापरावीत, सोनं, चांदी, तांबं, कथील काही घालू नये, असा हुकूम काढला होता. सम्राट मातीची भांडी नेणार म्हटल्यावर सातशे घरांच्या जहागीरदाराची विधवा सोन्याचे हंडे कसे नेईल?

पण परलोकात पैसे तर लागणार. म्हणून टोपल्या भरभरून मातीची नाणी ठेवली. त्या काळच्या तांब्याच्या नाण्यासारखीच, आकारही तोच, फक्त मातीची. सोन्याच्या लगडींच्या जागी मातीच्या चकत्या. हस्तिदंत आणि गेंड्याची शिंगं हवीत, तर लाकडाची कोरून दिली. आणि सोबतच्या यादीत लिहिणाऱ्याने ते चक्क तसंच नोंदवलं आहे: मातीचं, लाकडाचं. हिशेब चोख ठेवणारा कारकून असावा.

यादी? कबरीत यादी होती?

होती. बांबूच्या ३१२ पट्ट्या, प्रत्येकीवर शाईने वस्तूचं नाव आणि नग. माझ्या मते या कबरीतली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच. भांडं सापडलं की ते कशाचं होतं याचा तर्क करावा लागतो. इथे घरचाच माणूस सांगतो: गोमांसाचा रस्सा एक हंडी, हरणाच्या मांसाचा रस्सा एक हंडी. शिवाय बांबूच्या ४८ करंड्या होत्या. त्यांना लाकडी पाट्या बांधल्या होत्या, आत काय आहे ते सांगणाऱ्या. करंड्यांची तोंडं बांधून गाठीवर चिखलाचा गोळा दाबला होता आणि त्यावर शिक्का: 'दाई सरदाराच्या घरचा कारभारी'.

मुलीच्या लग्नात रुखवत मांडताना मावशी-आत्या जशा वस्तू मोजून यादीशी ताडून बघतात, तसं इथे कुणीतरी केलं असणार. यादी आणि प्रत्यक्ष वस्तू मात्र पूर्ण जुळत नाहीत. काही लिहिलेलं सापडलं नाही, काही सापडलेलं लिहिलेलं नाही. तेही रुखवतासारखंच.

खायला काय काय दिलं होतं?

तांदूळ, गहू, बाजरीच्या जातीची बारीक धान्यं, सोयाबीन. गाय, डुक्कर, मेंढी, ससा, हरीण, आणि हो, कुत्रा. कोंबडी, बदक, हंस, तितर, करकोचा, चिमण्या. नदीतले मासे. अंडी. नासपती, बोरं. दालचिनी आणि तिरफळाच्या कुळातली तिकडची मिरी, जी कोकणातल्या माणसाला वासावरून लगेच ओळखू येईल. सोयाबीन आंबवून केलेलं मुरवण आणि त्यात आलं.

मिरची, बटाटा, टोमॅटो अर्थातच नाही. ते तेव्हा अमेरिकेतच होते.

आतून कबर कशी दिसत होती?

टेकाडाच्या माथ्यापासून तळापर्यंत वीस मीटर खोल, पायऱ्या-पायऱ्यांनी निमुळता होत गेलेला खड्डा. तळाशी जाड फळ्यांची भलीमोठी लाकडी खोली, जवळपास पावणेसात मीटर लांब आणि पाच मीटरला थोडी कमी रुंद. मधोमध शवपेट्या आणि चारही बाजूंना चार कप्पे.

पूर्व, दक्षिण आणि पश्चिमेचे कप्पे म्हणजे कोठीघर, खच्चून भरलेले. उत्तरेचा कप्पा वेगळा. तो रिकामा-रिकामा होता, कारण ती शिन झुईची बैठकीची खोली होती. भिंतींना रेशमी पडदे लावलेले. खाली बांबूची चटई. एका बाजूला पडदी, टेकायला छोटं मेज, शृंगाराच्या पेट्या, एक काठी आणि रेशमी जोडे. समोर तबक वाढून ठेवलेलं: पाच लहान ताटल्या, पेले, मांस भाजायच्या बांबूच्या सळया आणि एका पेल्यावर आडव्या ठेवलेल्या बांबूच्या खाण्याच्या काड्या. पलीकडे लाकडी बाहुल्यांचा ताफा, गाणारे, नाचणारे, वाद्यं वाजवणारे. बाई येऊन बसायच्या बाकी आहेत, असं सगळं.

जिवंत नोकरांना पुरलं होतं का?

नाही. चीनमध्ये त्याआधीच्या काळात ती प्रथा होती, पण इथे माणसांच्या जागी १६२ लाकडी बाहुल्या आहेत. काहींना खरे रेशमी कपडे शिवून घातलेत.

लाखेची भांडी म्हणजे आपल्या सावंतवाडीसारखी?

दिसायला चकाकी तशीच, पण पदार्थ वेगळा. आपली लाख किड्यापासून मिळते. चिनी भांड्यांवरचा लेप एका झाडाच्या चिकाचा असतो. ते झाड आंबा, काजू आणि बिब्ब्याच्या कुळातलं. बिब्बा अंगावर उततो तसाच हा कच्चा चीकही उततो. लाकडाच्या किंवा कापडाच्या साच्यावर एकेक हात पातळ द्यायचा, दमट हवेत वाळू द्यायचा, घासायचा, पुन्हा हात द्यायचा. एका वाडग्यामागे कित्येक कारागीर आणि कित्येक आठवडे. त्या काळात असं भांडं काशाच्या भांड्याहून महाग पडायचं.

शिन झुईच्या कबरीतच अशी १८४ भांडी निघाली. बाहेरून काळी, आतून लाल, आणि पाण्यातून वर काढली तेव्हा काल रंगवल्यासारखी. दोन्ही बाजूंना कानासारखे दांडे असलेले सुमारे ९० पेले आहेत. काहींच्या तळाशी तीन शब्दांचा आग्रह लिहिला आहे, मराठीत आणायचा तर 'जेवा सावकाश'. काहींवर 'घ्या थोडी'. म्हणजे पेला रिकामा केल्यावर अक्षरं दिसणार, आणि यजमान पुन्हा भरणार. शिवाय 'दाई सरदाराच्या घरचं' अशीही खूण आहे. भांड्यांवर नाव घालून घ्यायची हौस आपलीच नव्हे.

ही ममी आहे का?

इजिप्तच्या अर्थाने नाही. तिथे आतडी काढून, क्षार भरून प्रेत सुकवत. इथे काहीच काढलेलं नाही आणि काहीच सुकवलेलं नाही. देह ओला राहिला. उंची १५४ सेंटिमीटर, वजन ३४.३ किलो. पेटी उघडली तेव्हा कातडी मऊ होती, दाबली की पुन्हा वर यायची, सांधे हलत होते, केस जागेवर होते. देह टिकवायचं औषध टोचलं तेव्हा तिथली कातडी फुगली आणि मग हळूहळू औषध पसरलं, जिवंत माणसाच्या शरीरात पसरतं तसं.

पण दोन हजार वर्षं टिकली कशी? काही गुप्त औषध होतं का?

औषधापेक्षा बांधकामाला श्रेय द्या.

देह कपड्यांच्या आणि चादरींच्या वीस थरांत गुंडाळून फितींनी नऊ ठिकाणी बांधलेला. मग एकात एक अशा चार शवपेट्या, लाखेने लिंपलेल्या. त्याभोवती लाकडी खोली. खोलीभोवती सगळीकडून सुमारे पाच टन कोळसा, ओल शोषायला. कोळशाभोवती मीटरभर जाड पांढऱ्या चिकणमातीचा थर, ठोकून ठोकून घट्ट केलेला. त्यावर साधी माती, तीही ठोकलेली. आत हवा अडकली तेवढीच. ती सुरुवातीच्या कुजण्यात संपली, त्यानंतर जिवाणूंना जगायलाच काही उरलं नाही. इतक्या खोल तापमानही बाराही महिने सारखंच.

पुरावा हवा असेल तर शेजारीच आहे. मुलाची कबर त्याच पद्धतीने बांधली, पण तिथल्या पांढऱ्या मातीचं काम तितकं घट्ट झालं नाही. आत फक्त हाडं उरली. नवऱ्याची कबर तर चोरांनी फोडली होती आणि खचलीही होती. एकच घराणं, एकच जागा, आणि गवंडीकामात फरक.

पेटीत एक द्रव होता म्हणे. अमृत?

आतल्या पेटीत पाणी होतं, हवा लागल्यावर ते तपकिरी झालं. त्यात पाऱ्याचा अंश होता आणि ते आम्लधर्मी होतं, त्यामुळे जिवाणू रोखायला हातभार लागला असेल. पण ते ओतलेलं औषध नसून देहातलं पाणी आणि आत साठलेली वाफ मिळून बनलं असावं, असं बऱ्याच अभ्यासकांचं म्हणणं आहे. यूट्यूबवर 'हरवलेलं सूत्र' विकणाऱ्यांना हे उत्तर आवडत नाही.

ती कशाने वारली?

डिसेंबर १९७२ मध्ये चांगशाच्या वैद्यकीय महाविद्यालयात रीतसर शवविच्छेदन झालं. इतक्या जुन्या देहाचं इतकं तपशीलवार विच्छेदन क्वचितच झालं असेल. वय पन्नासच्या आसपास. रक्तगट ए. हृदयाच्या रक्तवाहिन्या चरबीने अरुंद झालेल्या. पित्तनलिकेत खडा अडकलेला, पावट्याच्या टपोऱ्या दाण्याएवढा. फुफ्फुसात जुन्या क्षयाची बरी झालेली खूण. उजवा हात कधीतरी मोडून वाकडाच जुळलेला. मणक्याचं दुखणं. वर पोटात तीन जातींचे जंत.

आणि अन्ननलिकेपासून आतड्यापर्यंत खरबुजाच्या १३८ बिया.

म्हणजे उन्हाळ्याचे दिवस, बाईंनी बियांसकट खरबूज खाल्लं, पित्ताशयाची कळ उठली, आणि त्या वेदनेने आधीच अधू असलेलं हृदय बंद पडलं, असा डॉक्टरांचा निष्कर्ष. बिया अजून पचनमार्गातच होत्या, त्यावरून खाणं आणि मरण यांत फार वेळ गेला नाही. वरची खाण्याची यादी पुन्हा वाचा. पथ्य सांगणारा कुणी असलाच तर त्याचं ऐकलं नव्हतं, एवढं नक्की.

कमळाच्या सुपाची गोष्ट खरी आहे का?

खरी आहे. लाखेच्या एका हंडीचं झाकण काढलं तर आत पाणी आणि त्यावर कमळाच्या कंदाचे गोल काप तरंगत होते, भोकांसकट ओळखू येण्याजोगे. घाईने फोटो काढला. हंडी उचलून नेईपर्यंत काप विरघळून गेले. आतला चोथा केव्हाच संपला होता, नुसता आकार उरला होता, तो हेलकाव्याने मोडला. दोन हजार वर्षांत चांगशाला मोठा भूकंपाचा धक्का बसला नसावा, असा अंदाजही त्यावरून बांधला गेला.

पेटीवरचं ते इंग्रजी टी अक्षरासारखं चित्र काय दाखवतं?

सगळ्यांत आतल्या पेटीवर एक रेशमी पट अंथरला होता, दोन मीटरहून थोडा लांब. वर स्वर्ग: एका कोपऱ्यात लाल सूर्य, त्यात कावळा, दुसऱ्या कोपऱ्यात चंद्रकोर, तिच्यावर बेडूक आणि ससा. (चंद्रावर ससा आपल्याकडेही आहे, शशांक म्हणतो तो.) खाली पाताळ: एक उघडा धिप्पाड पुरुष दोन माशांवर उभा राहून जमीन तोलतो आहे. आणि मध्ये काठी टेकून, किंचित वाकून उभी असलेली म्हातारी, समोर गुडघे टेकलेले दोन सेवक, मागे तीन बायका.

ही शिन झुईच. विच्छेदनात मणक्याचं दुखणं निघालं आणि खोलीत काठी सापडली, तेव्हा चित्रकाराने वाकलेली पाठ शोभेसाठी काढली नव्हती हे समजलं. पट पाहायला मिळाला तर सूर्य-चंद्रापेक्षा आधी ती पाठ बघा.

मुलाच्या कबरीत काय होतं?

विद्वान लोक खरे वेडे होतात ते इथे. एका लाखेच्या पेटीत घड्या घातलेली रेशमी हस्तलिखितं, मिळून लाखाच्या वर चिनी अक्षरं. लाओत्से या प्राचीन चिनी तत्त्वज्ञाच्या वचनांच्या दोन प्रती, ज्यांत आज आपण वाचतो त्याच्या उलट क्रम आहे, दुसरा भाग आधी. ५२ दुखण्यांवरचे जवळपास २८० उतारे असलेलं वैद्यकाचं बाड. व्यायामाच्या ४४ आकृत्या, ज्या बघून सूर्यनमस्कार घालणाऱ्याला आपली माणसं वाटतील. धूमकेतूंची २९ चित्रं. शुक्र आकाशात पुन्हा त्याच स्थितीत दिसायला लागणारा काळ ५८४.४ दिवस असा दिला आहे. आजचा आकडा ५८३.९२. नकाशेही आहेत, पण त्यांत दक्षिण वर.

कबर इ.स.पू. १६८ ची, हे आतल्या लाकडी पाटीवरच्या तारखेमुळे पक्कं. मृत तरुण तिशीचा होता. तो वारस मुलगा की त्याचा भाऊ, यावर अजून वाद आहे. शिन झुईची कबर खणताना बाकीच्या दोन कबरींच्या कडा कापल्या गेल्या आहेत, म्हणजे ती सगळ्यात शेवटी गेली. नवऱ्यामागे वीस वर्षांच्या वर काढली आणि मुलालाही पुरलं.

घराणं तेच, हे कशावरून?

नवऱ्याच्या लुटलेल्या कबरीत तीन शिक्के चोरांच्या नजरेतून सुटले: 'ली त्सांग', 'दाईचा सरदार' आणि 'चांगशाचा प्रधान'. काम झालं. शिन झुईचं नाव तिच्या कबरीतल्या एका शिक्क्यावरून आलं आहे, पण त्यातलं दुसरं अक्षर काही अभ्यासक वेगळं वाचतात. सोय म्हणून आपण शिन झुईच म्हणू. (उच्चार 'च्वेई'च्या जवळचा आहे, पण 'झुई' रूढ झालं आहे.)

तेव्हा आपल्याकडे काय चाललं होतं?

अशोकाला जाऊन सत्तर-एक वर्षं झाली होती. भाजे लेण्यांचं काम साधारण त्याच शतकातलं.

आता हे कुठे बघायला मिळतं?

चांगशाच्या हुनान संग्रहालयात. नवी इमारत २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये उघडली. वस्तू बघत बघत खाली उतरत शेवटी देहापर्यंत पोचायचं, अशी रचना आहे. मूळ जागेवर तिसऱ्या कबरीचा खड्डा छप्पर घालून राखला आहे.

आणि तो काडेपेटीत मावणारा झगा?

काडेपेटीचं मनावर घेऊ नका, पण वजनाचं घ्या. विनाअस्तर रेशमी जाळीचा झगा, लांबी सव्वा मीटरहून जास्त, पसरलेल्या बाह्या पावणेदोन मीटरच्या वर, काठाला जाड पट्टी, आणि वजन ४९ ग्रॅम. जुन्या मापात छटाकभरही नाही. पैठणीचा नुसता पदर याहून जड भरेल. भरजरी कपड्यांवर हा घालायचा, म्हणजे खालची नक्षी धुक्यातून दिसल्यासारखी दिसते.

असे दोन होते. दुसरा ४८ ग्रॅमचा. १९८३ मध्ये संग्रहालयात चोरी झाली. बऱ्याच वस्तू परत आल्या, पण तो दुसरा झगा नष्ट झाला तो झालाच.

उरलेल्याची प्रतिकृती करायला नानजिंगच्या विणकरांनी घेतली. पहिली भरली ८० ग्रॅमच्या वर. हात तोच, विणही तीच, मग चुकतंय काय? दोष किड्यांचा निघाला. आजचे रेशीमकिडे दोन हजार वर्षांच्या पैदाशीने धष्टपुष्ट झाले आहेत, त्यांचा धागाच जाड येतो. मग बारीक किडे तयार करण्यापासून सुरुवात केली. तेरा वर्षांनी ४९.५ ग्रॅमचा झगा हाती आला. २०१९ मध्ये आणखी एक झाला, ४९.२८ ग्रॅमचा. अजून पाव ग्रॅमने जास्तच.